पड्रेची मुलं आणि एलएचचा आकडा

काजूला नवी पालवी फुटली की तिच्यामागोमाग ढेकण्या येतो. डासासारखा दिसणारा हा किडा कोवळ्या शेंड्यातला, मोहोरातला आणि नुकत्या धरलेल्या फळातला रस शोषतो. सोंड खुपसली तिथं काळा डाग पडतो आणि थोड्याच दिवसांत शेंडा करपतो. वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंतच्या काजू बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. उपायही ठरलेला असे: पालवीला एक औषध, मोहोराला दुसरं, फळ धरताना तिसरं. त्यातल्या मोहोराच्या फवारणीसाठी कित्येक वर्षं शिफारस होती ती एन्डोसल्फानची, ३५ टक्के प्रवाही. विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या बोंडअळीसाठीही हीच बाटली घरोघरी पोचली होती.

हे प्रकरण मात्र आपल्या कोकणातलं नाही. ते आहे केरळच्या अगदी उत्तर टोकाचं, कासरगोड जिल्ह्यातलं. तिथंही पीक काजूच, कीड हीच आणि औषधही हेच. फरक इतकाच की तिथं ते पाठीवरच्या पंपाने मारलं गेलं नाही, हेलिकॉप्टरने मारलं गेलं. आणि ते वीस वर्षांहून जास्त काळ.

कासरगोडबद्दल मराठीत लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक लिखाण अंथरुणाला खिळलेल्या मुलांच्या छायाचित्रांपाशी येऊन थांबतं. त्या मुलांचं दुःख खरं आहे आणि मोठं आहे. मला मात्र त्या गदारोळात मागे पडलेल्या एका छोट्या प्रश्नाकडे वाचकाला न्यायचं आहे. शेतीतलं एखादं औषध माणसाच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं की नाही, हे ठरवायचं कसं? पड्रे गावात हा प्रश्न एकदा नीट विचारला गेला, मोजमाप झालं, उत्तरही मिळालं. ते उत्तर कसं तयार झालं, किती भक्कम आहे आणि कुठं कच्चं आहे, ते उलगडून पाहू.

गाव आणि उतार

एन्मकजे पंचायतीतलं पड्रे हे गाव डोंगरउतारांत विखुरलेलं आहे. वरच्या जांभ्याच्या पठारांवर प्लँटेशन कॉर्पोरेशन ऑफ केरळ या सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागा, आणि खालच्या खोऱ्यांत घरं, सुपारीच्या बागा, ओढे. इथं पाण्यासाठी डोंगराच्या पोटात आडवं खणत नेलेली विहीर असते. तिला सुरंग म्हणतात. डोंगरात मुरलेलं पाणी झिरपत सुरंगेतून बाहेर येतं आणि घरच्या टाकीत पडतं. म्हणजे वरच्या पठारावर जे पडतं, त्यातलं काही ना काही खालच्या हंड्यात येण्याची सोय भूगोलानेच करून ठेवलेली. जाता जाता एक गोष्ट मराठी वाचकासाठी: या कासरगोड-दक्षिण कन्नड पट्ट्यात मराटी नायक आणि कऱ्हाडे अशा दोन समाजांची कित्येक पिढ्यांची वस्ती आहे आणि त्यांच्या घरांत मराठीचीच रूपं बोलली जातात. हे गाव वाटतं तितकं परकं नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस हवाई फवारणी सुरू झाली. दोन-तीन हजार हेक्टरच्या सलग बागा आणि हंगामात मजुरांची वानवा, त्यामुळे महामंडळाच्या हिशेबात हेलिकॉप्टर स्वस्त पडत असणार. सपाट मैदानात झाडांच्या शेंड्यावरून दोन-तीन मीटरवर उडता येतं. उंचसखल डोंगरात ते जमत नाही. हेलिकॉप्टर वर राहतं आणि फवारा वाऱ्यावर जातो. खालच्या उघड्या टाक्या, ओढे, शाळेची मैदानं कुणी आणि कशी झाकायची?

आधी बोलले ते गावातलेच लोक. तिथले शेतकरी-पत्रकार श्री पड्रे यांनी १९७९ च्या सुमारासच वासरांमधल्या व्यंगांबद्दल लिहिलं होतं. वाणीनगरला दवाखाना चालवणारे डॉ. वाय. एस. मोहन कुमार यांना १९८० च्या दशकापासून जाणवत होतं की काही ठरावीक घरांतून फिट्स, मानसिक आजार आणि जन्मजात व्यंगं यांचे रुग्ण जरा जास्तच येतात. पेरियाजवळ राहणाऱ्या कृषी खात्यातल्या लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ मध्ये होसदुर्गच्या न्यायालयात दावा लावला आणि आपल्या परिसरातल्या हवाई फवारणीवर स्थगिती मिळवली. शेतीखात्यातल्याच बाईने शेतीच्या औषधाविरुद्ध उभं राहायचं, ही सोपी गोष्ट नव्हती. जिल्ह्यातली हवाई फवारणी डिसेंबर २००० नंतर थांबली.

प्रश्न बदलला तिथं

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००१ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि त्यातून काम अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेकडे आलं. ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था. डॉ. एच. एन. सय्यद यांच्या नेतृत्वाखालचं पथक पड्रेत गेलं.

पथकापुढे दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे गावातले सगळे आजार मोजायचे आणि ते एन्डोसल्फानमुळे झाले का ते शोधायचं. ही वाट निसरडी आहे. गाव छोटं, आजार अनेक, एकेका आजाराचे रुग्ण मूठभर, आणि वीस वर्षांपूर्वी गर्भार असलेल्या बाईच्या अंगात किती औषध गेलं हे आज कळायला मार्ग नाही. अशा आकडेवारीतून कुणीही काहीही सिद्ध करू शकतं, आणि तितक्याच सहज खोडूही शकतं.

पथकाने अभ्यासाचा एक भाग दुसऱ्या वाटेने नेला. शरीरात एक घड्याळ असं आहे की जे संप्रेरकांवरच चालतं, जे प्रत्येक मुलात दिसतं आणि ज्याचे टप्पे डॉक्टरला मोजता येतात. ते म्हणजे वयात येणं. एखादा पदार्थ पुरुष-संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करत असेल तर ती इथं उमटायला हवी. त्यासाठी कुणी आजारी असायची गरज नाही. शाळेत जाणारी, खेळणारी, वरवर धडधाकट मुलंच तपासायची.

या अभ्यासाचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं ते या निवडीमुळे.

काय मोजलं

पड्रेतल्या शाळेतली १० ते १९ वर्षं वयाची ११७ मुलं निवडली. तुलनेसाठी जवळच्याच, पण हवाई फवारणी न झालेल्या भागातली, साधारण तशाच परिस्थितीतली ९० मुलं घेतली. प्रत्येकाची शारीरिक तपासणी झाली. जननेंद्रियांवरचे केस, वृषण आणि शिश्न या तिन्हींच्या वाढीला टॅनरच्या पद्धतीने १ ते ५ असे टप्पे दिले. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून वृषणांना हुकूम देणारी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं मोजली. काही मुलांच्या, म्हणजे पड्रेतल्या ७० आणि तुलनेच्या गटातल्या ४७ मुलांच्या रक्तात एन्डोसल्फानचे अवशेषही तपासले. निष्कर्ष २००३ मध्ये अमेरिकेतल्या ‘एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज’ या नियतकालिकात छापून आले.

अवशेषांचं चित्र स्पष्ट होतं. पड्रेतल्या मुलांच्या रक्तात सरासरी ७.४७ पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत साडेसात भाग. तुलनेच्या गटात १.३७. पड्रेत ७८ टक्के मुलांच्या रक्तात अवशेष सापडले, तिकडे २९ टक्के. फवारणी थांबून तोवर कित्येक महिने उलटले होते, तरीही. शुद्ध एन्डोसल्फान शरीरातून तसं लवकर बाहेर पडतं, पण त्यापासून तयार होणारं एन्डोसल्फान सल्फेट माती-पाण्यात जास्त टिकतं. इतक्या महिन्यांनी रक्तात सापडतं याचा अर्थ ते अजूनही कुठूनतरी, पाण्यातून, अन्नातून किंवा धुळीतून, आत येतच होतं, असं मला वाटतं.

आता संप्रेरकं. वयानुसार जुळवणी करून पाहिल्यावर फवारणीच्या गावातल्या मुलांमध्ये वाढीचे तिन्ही टप्पे मागे पडलेले दिसले आणि टेस्टोस्टेरॉनही कमी. एलएच मात्र जास्त. हे तिन्ही फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. वृषण खाली न उतरणं, जन्मतः अंडवृद्धी आणि जांघेतला हर्निया ही एकमेकांशी नातं असलेली व्यंगं पड्रेत ५.१ टक्के आणि तुलनेच्या गटात १.१ टक्के मुलांत होती. पाचपट वाटणारा हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, कारण मुळात ही मोजकीच मुलं: ११७ पैकी सहा आणि ९० पैकी एक. संशोधकांनी ते स्वतःच लिहून ठेवलं. या आकड्याच्या जोरावर ‘पाचपट व्यंगं’ असा मथळा देणं चूक आहे, आणि तो दिला गेलाही आहे.

एलएचचा आकडा काय सांगतो

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा एलएचच्या आकड्यात आहे. म्हणून इथं थोडं थांबू.

मुलगा वयात येऊ लागला की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच सोडते. ते रक्तातून वृषणांपर्यंत जातं आणि तिथल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. पुरेसं टेस्टोस्टेरॉन तयार झालं की त्याची वर्दी उलट मेंदूकडे जाते आणि एलएचचा जोर कमी होतो. हे चक्र सतत चालू असतं, आणि त्यात बिघाड झाला तर बिघाडाची जागा दोन आकड्यांच्या जोडीवरून ओळखता येते.

गावातली मुलं उशिरा वयात येतात, याचं सर्वांत साधं कारण म्हणजे अपुरं पोषण. कुणीही पहिला आक्षेप हाच घेईल, आणि घ्यायलाच हवा. पण पोषण कमी पडलं की मेंदू स्वतःच हात आखडता घेतो. एलएच कमी आणि त्यामुळे टेस्टोस्टेरॉनही कमी. दीर्घ आजार असला तरी तसंच. काही घराण्यांत मुलं मुळातच उशिरा वयात येतात, तिथंही तसंच. पड्रेत जोडी उलटी होती: टेस्टोस्टेरॉन कमी, पण एलएच चढलेलं. वरून हुकूम सुटत होता, खाली तो पाळला जात नव्हता. दोष मेंदूत किंवा जेवणाच्या ताटात नसून वृषणांच्या पातळीवर आहे, असं ही जोडी सुचवते.

एन्डोसल्फानची संप्रेरकांच्या बाबतीतली ख्याती मात्र भलत्याच गोष्टीसाठी आहे. १९९४ मध्ये बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्त्री-संप्रेरकाने वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत एन्डोसल्फाननेही वाढतात. तेव्हापासून ‘एन्डोसल्फान म्हणजे नकली इस्ट्रोजेन’ हे वाक्य घट्ट बसलं. आता ही ख्याती पड्रेच्या आकड्यांना लावून पाहा. मुलाच्या शरीरात नकली इस्ट्रोजेन जोरात काम करत असतं, तर मेंदूला वाटलं असतं की संप्रेरक पुरेसं आहे, आणि एलएच खाली आलं असतं. पड्रेत ते वर आहे. दुसरी शक्यता म्हणजे औषध टेस्टोस्टेरॉनच्या जागा अडवून बसतं. तसं असतं तर एलएच चढलं असतं, पण त्याबरोबर टेस्टोस्टेरॉनही चढलं असतं. तेही नाही. मग उरते ती टेस्टोस्टेरॉन तयार होण्याच्या कामातच अडथळा येण्याची शक्यता.

वाराणसीत १९९० च्या आसपास पांढऱ्या उंदरांवर प्रयोग झाले होते. एन्डोसल्फान पोटात गेलेल्या नरांत रक्तातलं आणि वृषणातलं टेस्टोस्टेरॉन घसरलं आणि ते बनवणारी विकरंही मंदावली. पड्रेच्या आकड्यांशी हे चांगलं जुळतं. पण पूर्ण जुळत नाही, कारण त्या उंदरांत एलएचसुद्धा घसरलं होतं. मात्रा मोठ्या होत्या, मुदत काही आठवड्यांची होती आणि उंदीर मोठे होते. वीस वर्षं थोडं थोडं औषध अंगी लागलेल्या वाढत्या मुलांशी त्याची थेट बरोबरी होत नाही. तरी हा विसंवाद दडपून पुढे जाणं मला पटत नाही. लखनौला झालेल्या दुसऱ्या कामात वाढीच्या वयातल्या उंदरांच्या वृषणांना इजा होऊन शुक्राणू कमी झाल्याचं दिसलं. वाढतं वय जास्त नाजूक असतं, या म्हणण्याला त्याने बळ मिळतं.

कच्चे दुवे

आता या अभ्यासावर टीका करायची तर मी काय म्हणेन?

सहभाग हा पहिला मुद्दा. किशोरवयीन मुलांच्या जननेंद्रियांची तपासणी करायची म्हटल्यावर सगळी घरं तयार होणार नाहीत, हे उघड आहे. गैरसहभाग आणि छोटा नमुना या मर्यादा संशोधकांनीच मांडल्या आहेत. ज्यांना आपल्या मुलाची काळजी वाटत होती तेच पुढे आले असतील, तर परिणाम फुगून दिसेल. ज्यांना लाज वाटली ते मागे राहिले असतील, तर तो आक्रसून दिसेल. नेमकं काय घडलं असेल, ते आकड्यांतून कळत नाही.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. एलएच रक्तात झटक्याझटक्याने सुटतं आणि वयात येण्याच्या काळात तर रात्री-पहाटे त्याची लाट येते. एकदाच घेतलेल्या नमुन्यावर एका मुलाबद्दल काही बोलू नये. शे-दोनशे मुलांच्या सरासरीत हा गोंधळ बराचसा एकमेकांना छेदून जातो, पण दोन्ही गावांत रक्त एकाच वेळेला घेतलं असेल तरच.

तिसरा मुद्दा म्हणजे ‘फवारणीला सामोरं गेलेला’ हा शिक्का अख्ख्या गावाला लागला. पठाराच्या कडेला राहणारा मुलगा आणि दोन डोंगर पलीकडचा मुलगा एकाच खात्यात. दोन गावांमध्ये औषधाखेरीज आणखी काय काय वेगळं असेल, हा प्रश्न अशा रचनेत कायम शिल्लक राहतो. त्याचबरोबर तुलनेच्या गटातही २९ टक्के मुलांच्या रक्तात एन्डोसल्फान होतंच. ही भेसळ फरक वाढवत नाही, पुसते. तुलनेचा गट खरोखर कोरा असता, तर अंतर आणखी मोठं दिसलं असतं.

कीटकनाशक उद्योगाने या अभ्यासावर, विशेषतः अवशेषांच्या रासायनिक तपासणीवर, जोरदार आक्षेप घेतले. रासायनिक तपासणीचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. त्याच सुमारास दोन वेगळ्या संस्थांनी घेतलेल्या नमुन्यांत एकीला भरपूर एन्डोसल्फान सापडलं होतं आणि दुसरीला जवळपास काहीच नाही. सामान्य माणसाचा विश्वास उडायला एवढं पुरतं. पण रक्तातले सगळे अवशेष बाजूला ठेवले तरी टेस्टोस्टेरॉन आणि एलएचची जोडी जागची हलत नाही. ती दुसऱ्या नळीत, दुसऱ्या पद्धतीने मोजलेली आहे.

तीन खुंट्या

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये अंतःस्रावी विघटकाची व्याख्या केली. तिचा गाभा असा: बाहेरून आलेला पदार्थ संप्रेरक-संस्थेचं काम बदलतो आणि त्या बदलामुळेच धडधाकट प्राण्याला, त्याच्या संततीला किंवा समूहाला अपाय होतो. युरोपीय संघाने २०१८ पासून कीटकनाशकांसाठी हीच व्याख्या कायद्यात बसवली. तीन खुंट्या रोवायच्या. अपाय दिसला पाहिजे, संप्रेरकांच्या मार्गाने काम होतं हे दिसलं पाहिजे, आणि दोहोंना जोडणारा दुवा जीवशास्त्राला पटला पाहिजे. नुसत्या बशीतल्या पेशी वाढल्या तर पहिली खुंटी रिकामी राहते. नुसते आजारी लोक दाखवले तर दुसरी रिकामी राहते.

पड्रे या कसोटीवर लावून पाहिलं की मला असं दिसतं. अपाय आहे, पण सौम्य: वयात येण्याला उशीर. तो कायमचा की नंतर भरून निघणारा, हे एकदाच केलेल्या तपासणीतून सांगता येत नाही. संप्रेरकांचा मार्ग ही सर्वांत भक्कम खुंटी आहे, कारण ती थेट मुलांच्याच रक्तात मोजलेली आहे. दुवा पटण्याजोगा आहे, पण उंदरांची साक्ष अर्धवट आहे. माझा निवाडा: एन्डोसल्फान वाढत्या मुलग्यांत टेस्टोस्टेरॉनच्या निर्मितीत अडथळा आणतं, हे बहुधा खरं आहे. हवाई फवारणी बंद करायला तेवढं पुरेसं होतं. ‘सिद्ध झालं’ हा शब्द वापरायला दुसऱ्या गावातला, दुसऱ्या पथकाने केलेला असाच अभ्यास हवा होता.

उत्तर कुठं गेलं

पुढे जे झालं त्यात या प्रश्नाला जागाच राहिली नाही. केंद्राच्या डॉ. ओ. पी. दुबे समितीने २००३ मध्ये सांगितलं की काजूबागांतला एन्डोसल्फानचा वापर आणि पड्रेतले आजार यांचा संबंध दिसत नाही. लक्ष द्या, हा प्रश्नच वेगळा आहे. ‘हे सगळे आजार याच औषधाने झाले का’ याचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘ठरवता येत नाही’ असं आलं, तरी ‘हे औषध संप्रेरकांत ढवळाढवळ करतं का’ याचं उत्तर ‘हो’ असू शकतं. पण वाद ‘सगळं एन्डोसल्फानमुळेच’ विरुद्ध ‘काहीच एन्डोसल्फानमुळे नाही’ या दोन टोकांवर जाऊन बसला. कर्करोग, मतिमंदत्व, व्यंगं यांच्यावर दोन्हीकडून बोललं गेलं. एलएचबद्दल कोण बोलणार?

अमेरिकेत कीटकनाशकांचा संप्रेरकांवरचा परिणाम ठरवण्यासाठी जगातली सर्वांत पद्धतशीर चाळणी उभी राहिली आहे. अकरा चाचण्यांचा तिचा पहिला टप्पा. २००९ मध्ये जाहीर झालेल्या ६७ पदार्थांच्या पहिल्या यादीत एन्डोसल्फान होतं. पण २०१० मध्ये तिथं त्याचा वापर संपवण्याचा निर्णय झाला, आणि वापरच संपणार म्हटल्यावर चाचण्याही गळल्या. २०१५ मध्ये ५२ पदार्थांचे निष्कर्ष आले, त्यात एन्डोसल्फान नव्हतं. ज्या औषधाबद्दल माणसांतला इतका थेट पुरावा होता, त्याचाच निकाल या चाळणीतून कधी बाहेर आला नाही.

जागतिक बंदीही संप्रेरकांच्या मुद्द्यावर आली नाही. एप्रिल २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत एन्डोसल्फान घातलं गेलं ते टिकाऊपणा, प्राण्यांच्या शरीरात साठणं, दूरवर पसरणं आणि विषारीपणा या निकषांवर. जिथं कुणी फवारणी केली नाही त्या उत्तर ध्रुवाकडच्या हवेतही ते सापडलं होतं. भारताने त्या वाटाघाटींत बराच काळ विरोध केला. जगात सर्वांत जास्त एन्डोसल्फान तेव्हा इथंच बनत होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच, १३ मे २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशभर उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. विदर्भातल्या कापूसवाल्याच्या हातातली बाटलीही तेव्हाच गेली. ती का गेली, हे त्याला कुणी समजावून सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. दुकानदाराने दुसरी बाटली पुढे केली, इतकंच.

पुन्हा करायचं झालं तर

आज एखाद्या औषधाबद्दल असाच संशय आला, मग ते द्राक्षावरचं बुरशीनाशक असो की कापसावरचं नवं कीटकनाशक, तर पड्रेचा आराखडा हाताशी आहे. तो सुधारून घ्यायला हवा. मुलं एकदाच तपासून चालणार नाही. दर सहा महिन्यांनी, तीन-चार वर्षं, म्हणजे उशीर भरून निघतो का ते दिसेल. रक्त सकाळी ठरलेल्या वेळीच घ्यायचं. गावाला शिक्का मारण्याऐवजी प्रत्येक घराचं शेतापासूनचं अंतर, पाण्याचा स्रोत आणि फवारणीच्या तारखा नोंदवायच्या. नमुन्यांचे दोन भाग करून दोन प्रयोगशाळांना द्यायचे, आणि कुठला नमुना कुठल्या गावचा हे दोघींनाही कळू द्यायचं नाही. म्हणजे ‘एकीला सापडलं, दुसरीला नाही’ हा तमाशा टळेल. मुलींनाही घ्यायचं. आणि बुरशीनाशक मॅन्कोझेबसारखं असेल, तर टेस्टोस्टेरॉनच्या आधी थायरॉइड बघायचं, कारण त्याचा संशय तिथं आहे. २०२० मध्ये युरोपने मॅन्कोझेबची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही, त्यामागे संप्रेरकांवरचा परिणाम हे एक कारण होतं. नाशिकच्या द्राक्षबागांत हे नाव अनोळखी नाही.

हे सगळं खर्चिक आहे असं म्हटलं जाईल. कासरगोडमध्ये जे झालं त्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा होता. १० जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ सरकारला पाच हजारांहून जास्त बाधितांना प्रत्येकी पाच लाख रुपये तीन महिन्यांत द्यायला सांगितलं. ते पैसे वेळेवर पोचले नाहीत म्हणून २०२२ मध्ये पुन्हा त्याच न्यायालयाला सरकारला खडसवावं लागलं.

बाधितांच्या सरकारी यादीत वर्गवारी आहे: अंथरुणाला खिळलेले, मतिमंद, शारीरिक अपंग, कर्करोगी, आणि इतर. २००१ मध्ये दंडावर सुई टोचून घेतलेली पड्रेच्या शाळेतली मुलं आज तिशी-चाळिशीत असतील. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन त्या वर्षी वयाच्या मानाने कमी भरलं, त्यांच्यासाठी त्या यादीत वेगळा रकाना नाही.